कोळंबीचं साल आणि पेशीबाहेरची एन्झाइम्स : प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४

विषय मंजूर झाला. कोळंबीच्या सालातलं कायटिन पचवणारे जिवाणू शोधायचे आणि ते पेशीबाहेर जी एन्झाइम्स सोडतात त्यांची रचना नि काम यांचा अभ्यास करायचा. मॅडमनी दोनच अटी घातल्या. नमुना मुंबईतलाच हवा, आणि "प्लेटवर झोन आला, झालं" एवढ्यावर थांबायचं नाही. झोन (वसाहतीभोवती उमटणारं पारदर्शक कडं) का आला हे रेणूच्या पातळीवर सांगता यायला हवं.

कायटिनच का, ते आजच लिहून ठेवते. निसर्गात सेल्युलोजच्या खालोखाल सापडणारं हे पॉलिसॅकराइड. एन-ॲसिटिलग्लुकोसअमाइन या शर्करेची एकके बीटा १-४ बंधाने जोडून लांबच लांब साखळी होते, आणि शेजारशेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी इतक्या घट्ट बसतात की पाण्याला आत शिरायला जागा उरत नाही. समुद्रात खेकडे, कोळंबी, प्लवक सतत कात टाकतात, तरी तळाशी कायटिनचे थर साचत नाहीत. ते कोण खातं, याचा शोध झोबेल आणि रिटेनबर्ग यांनी १९३८ साली समुद्रातल्या जिवाणूंवरच्या कामात घेतला होता.

जिवाणू असतो एक-दोन मायक्रॉनचा. साल त्याला गिळता येत नाही, बाह्यपटलातल्या छिद्रांतून फार तर दोन-चार शर्करांचा तुकडा आत जाईल. तेव्हा कापाकापी बाहेरच व्हायला हवी. पण एन्झाइम एकदा बाहेर पडलं की पेशीचा त्यावर ताबा राहत नाही. बाहेर ऊर्जा पुरवणारं एटीपी नाही, घडी नीट बसवणारी चॅपरोन प्रथिनं नाहीत. मीठ, ऊन, दुसऱ्या जिवाणूंचे प्रथिनं कापणारे प्रोटीएज मात्र आहेत. बाहेर लागणारं सगळं त्या रेणूने आपल्या घडणीतच बरोबर न्यायला हवं. मला या प्रकल्पात हेच पाहायचं आहे.

५ डिसेंबर

ससून डॉक. पहाटेचा लिलाव आटोपत आला होता. हा धक्का १८७५ सालचा, आणि आजही कुलाब्याच्या या टोकाला पहाटे पाय ठेवायला जागा नसते. कोळंबी सोलणाऱ्या बायका ओळीने बसल्या होत्या. एका मावशींकडे सालं मागितली. "सालं कशाला गो पोरी, कोलबी ने की," म्हणाल्या. कॉलेजात प्रयोग करायचाय म्हटल्यावर त्यांनीच ताजी सालं वेगळी काढून पिशवीत भरली, आणि शेडच्या कडेला जुन्या सालांचा काळपट लगदा पडला होता तोही दाखवला. "कुजकं पायजे तर तिकडं बघ."

मला तोच हवा होता. हात लावायला नको वाटणारा, चिकट, तीव्र वासाचा तो थर. त्यात एक साल चिमट्याने उचललं तर कडेचा भाग पातळ होऊन जाळीसारखा दिसत होता, मधला मात्र अजून कडक. कडेला कुणीतरी काम करत होतं हे डोळ्यांना दिसत होतं. तो लगदा निर्जंतुक बाटल्यांत भरला, ताजी सालं वेगळ्या पिशवीत, सगळं बर्फाच्या थर्माकोल खोक्यात.

निघताना माकूलही (स्क्विड) घेतले. त्यांच्या पाठीत जी पारदर्शक, लवचिक पट्टी असते तीही कायटिनची, पण वेगळ्या प्रकारची. पुढे उपयोग होईल.

९ डिसेंबर

सालं धुऊन, वाळवून, दळून घेतली. मग एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल: कॅल्शियम कार्बोनेट विरघळताना खूप फेस येतो, म्हणून भांडं मोठं आणि आम्ल थोडं थोडं. नंतर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून प्रथिनं काढली. शेवटी फिकट, हलकी पावडर उरली.

त्यातली थोडी पावडर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर थंड ठेवली आणि बर्फासारख्या थंड पाण्यात ओतली. पांढरा दाट गाळ खाली बसला. हे कलिली कायटिन. पीएच सातच्या आसपास येईपर्यंत धूत राहायचं, बाकी काही नाही. लॅबमधल्या मामांनी सेंट्रिफ्यूजच्या नळ्या वजन करून जोड्या लावून दिल्या, नाहीतर संध्याकाळ उलटली असती.

१७ डिसेंबर

कलिली कायटिन घातलेल्या अगारवर लगद्याची विरलनं पसरवली होती. त्यात कार्बनचा दुसरा स्रोत नाही, फक्त फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि लोहाचे क्षार. ३० अंशांवर ठेवलेल्या प्लेट तिसऱ्या दिवसापर्यंत नुसत्या दुधाळ दिसत होत्या. चौथ्या दिवशी काही वसाहतींभोवती पारदर्शक कडं उमटलं. आज ती कडी सात-आठ मिलिमीटरची आहेत.

प्लेट खिडकीकडे धरली की कडं नीट दिसतं. आतला भाग काचेसारखा स्वच्छ, बाहेरचा दुधाळ, आणि मधली सीमा तीक्ष्ण. वसाहत मध्यभागी जिथल्या तिथे आहे, ती कडेपर्यंत पोचलेलीच नाही. अगारमधून पसरत गेलं ते तिचं एन्झाइम. पेशीबाहेरचं काम इतकं ढळढळीत दुसरीकडे कुठे दिसत नसेल.

सर्वांत मोठं कडं एका लालसर वसाहतीचं. तिला पुढे नेते आहे.

२३ डिसेंबर

ग्रॅम निगेटिव्ह, आखूड दंडगोल, डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) पॉझिटिव्ह. लाल रंग ३० अंशांवर येतो, ३७ वर वाढवलं तर जवळजवळ जातो. प्रोडिजिओसिन हे रंगद्रव्य असंच वागतं. मॅडमनी पाहताक्षणी "सेराशिया असणार" म्हटलं आणि लगेच पुढचं: हातमोजे, केबिनेट, प्रत्येक फ्लास्क ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय टाकायचा नाही. हा जिवाणू रुग्णालयांत अशक्त रुग्णांना त्रास देतो, त्यामुळे दुसऱ्या जोखीम गटाचे नियम. जिवाणूची ओळख पटवणाऱ्या १६एस जनुकाचा नमुना क्रमवाचनाला पाठवला.

स्किम मिल्क अगारवरही कडं आलं. म्हणजे प्रोटीएजही बाहेर येतंय.

३ जानेवारी २०२५

क्रमवाचनाचा निकाल आला: सेराशिया, आणि सर्वांत जवळचा जुळणारा क्रम सेराशिया मार्सेसेन्सचा. प्रजातीबद्दल केवळ १६एसवर विसंबता येत नाही, पण रंग, डीएनेज आणि बाकीच्या चाचण्याही तिकडेच बोट दाखवतात. कायटिनेज, म्हणजे कायटिन तोडणारी एन्झाइम्स, यांच्या अभ्यासात याच जिवाणूवर सर्वाधिक काम झालंय, त्यामुळे तुलना करायला भरपूर आहे.

द्रव माध्यमात दोन फ्लास्क लावले होते. एकात फक्त कलिली कायटिन, दुसऱ्यात कायटिन आणि ग्लुकोज. पेशी काढून टाकून वरच्या निवळीची क्रियाशीलता डीएनएसए पद्धतीने (सुटलेल्या शर्करेमुळे येणारा रंग मोजून), ५४० नॅनोमीटरवर पाहिली. ग्लुकोजवाल्या फ्लास्कमध्ये वाढ दाट, पण एन्झाइम नगण्य. आयती साखर असली की पेशी कायटिनेज बनवतच नाही. बाहेर सोडलेलं प्रथिन परत मिळत नाही, त्यातली अमिनो आम्लं गेली ती गेली. इतका खर्च गरज असल्याशिवाय करायचा नाही, हे जनुकांच्या नियंत्रणातच आहे.

१० जानेवारी

आजचा दिवस रचनेला दिला. प्रोटीन डेटा बँकेतली सेराशियाच्या काय-ए या कायटिनेजची रचना संगणकावर उघडली. ही १९९४ साली प्रसिद्ध झाली. एन्झाइमच्या रचनांत हा काही पहिला मान नाही, तो १९६५ साली कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमला मिळाला होता. योगायोग असा की लायसोझाइम जिवाणूंच्या भित्तिकेतला जो बंध तोडतं त्यातही हीच एन-ॲसिटिलग्लुकोसअमाइन शर्करा असते.

काय-एचे तीन भाग दिसतात. मधोमध आठ बीटा धाग्यांचं बॅरल, भोवती आठ अल्फा सर्पिलं. त्यात घुसवलेला एक छोटा भाग खाचेची एक भिंत उंच करतो, त्यामुळे खाच खोल होते. आणि सुरुवातीच्या टोकाला फायब्रोनेक्टिनच्या तिसऱ्या प्रकारासारखी घडी असलेला वेगळा भाग. खाचेच्या तळाशी ३१५व्या जागी ग्लुटामिक आम्ल, त्याच्या अलीकडे ३११ आणि ३१३ला ॲस्पार्टिक आम्लं. शर्करांमधले बंध तोडणाऱ्या एन्झाइमांच्या अठराव्या, ग्लायकोसाइड हायड्रोलेज कुटुंबात हा क्रम सगळीकडे सापडतो.

बंध तोडण्याची रीत मला फार आवडली. ग्लुटामिक आम्ल बंधातल्या ऑक्सिजनला प्रोटॉन देतं. पुढचा हल्ला मात्र एन्झाइमचा कुठलाही घटक करत नाही. शर्करेच्याच ॲसिटिल गटातला ऑक्सिजन वळून पहिल्या कार्बनला भिडतो, तात्पुरतं ऑक्झाझोलिनियम वलय तयार होतं, मग पाणी येऊन ते सोडवतं. कायटिनला सेल्युलोजपासून वेगळं करणारा जो गट, तोच ते कापायला मदत करतो. सेल्युलोजवर हे एन्झाइम का चालत नाही याचं एक मोठं कारण हेच.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. साखळीत प्रत्येक पुढची शर्करा आधीच्या तुलनेत १८० अंशांनी फिरलेली असते, त्यामुळे ॲसिटिल गट योग्य बाजूला एकाआड एकच येतो. म्हणून काय-ए साखळी न सोडता दोन-दोन शर्करा पुढे सरकत जातं, दोरीवरून हात बदलत सरकावं तसं, आणि कायटोबायोज ही दोन शर्करांची जोडीच मुख्यतः बाहेर पडते. खाचेत १६७व्या जागी ट्रिप्टोफॅन आहे. त्याची सपाट कडी शर्करेच्या सपाट बाजूवर टेकते, आणि साखळी निसटू नये म्हणून ती महत्त्वाची. ट्रिप्टोफॅन, टायरोसीन यांच्या सपाट कड्यांची रांग एन्झाइमच्या पृष्ठभागावरही लागलेली दिसते. सालातून सुटलेली साखळी त्या वाटेने खाचेकडे येते. मी रेणू फिरवून फिरवून ती रांग पाहिली. पेशी जवळ नसताना एवढ्या कडक पदार्थाला धरून कसं राहायचं, याचं उत्तर तिथे दिसतं.

काय-बी हे दुसरं कायटिनेज साखळीच्या विरुद्ध टोकाकडून काम करतं. काय-सी मध्येच कुठेही कापतं आणि नवी टोकं उघडी करतं.

१८ जानेवारी

अमोनियम सल्फेटने प्रथिनं खाली आणली, डायलिसिस करून क्षार काढले, प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल चालवलं. ५८ किलोडाल्टनच्या आसपास ठळक पट्टा. काय-एचं वस्तुमान तेवढंच. त्याच्या थोडं खाली ५०च्या आसपास रुंद पट्टा आणि अगदी खाली २१च्या खुणेजवळ बारीक पण स्पष्ट पट्टा. पेशी फोडून केलेल्या नमुन्यात पट्ट्यांची गर्दीच गर्दी. निवळीत मात्र मोजकेच. म्हणजे पेशी फुटून हे बाहेर आलेलं नाही, निवडून पाठवलेलं आहे.

५०चा पट्टा बहुधा सेरालायसिन, म्हणजे दुधाच्या प्लेटवर दिसलेलं प्रोटीएज. औषधाच्या दुकानात सूज उतरायच्या गोळ्यांवर सेराशियोपेप्टिडेज असं नाव असतं, ते याच घराण्यातलं. हे प्रथिन दोन्ही पटलं एका झेपेत ओलांडतं. पाठवणीची खूण त्याच्या शेवटच्या टोकाला असते आणि आतल्या पटलापासून बाहेरच्या पटलापर्यंत सलग नळी असते. नळीतून जाताना ते उलगडलेलंच असतं. त्याच्या क्रमात कॅल्शियम धरणाऱ्या पुनरावृत्ती आहेत. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम अगदी कमी, बाहेर भरपूर. म्हणून घडी बाहेर पडल्यावरच बसते आणि ते आतल्या आत स्वतःच्याच पेशीची प्रथिनं कापत सुटत नाही.

काय-एची वाट वेगळी. त्याच्या सुरुवातीला २३ अमिनो आम्लांचं सिग्नल पेप्टाइड असतं. आतलं पटल ओलांडताना ते छाटलं जातं. सिग्नलची ही कल्पना सिद्ध करणाऱ्या गुंटर ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल मिळालं. पण ग्रॅम निगेटिव्ह पेशीला दुसरं पटलही आहे, ते कसं ओलांडायचं? सेराशियात याचं उत्तर २०१४ साली आलं. काय-डब्ल्यू हे होलिनसारखं (होलिन पटलाला छिद्रं पाडतं) प्रथिन आणि भित्तिकेचे बंध तोडणारं काय-एक्स, या दोघांशिवाय तिन्ही कायटिनेज बाहेर पडत नाहीत. होलिन हा शब्द एरवी पेशी फोडणाऱ्या विषाणूंच्या संदर्भात येतो, पण इथे काय-ए बनवणाऱ्या पेशी जिवंत राहतात. शिवाय वसाहतीतल्या सगळ्याच पेशी ते बनवत नाहीत, काही बनवतात, काही नाही. प्लेटवरचं कडं मी एका वसाहतीचं म्हणत होते. प्रत्यक्षात तिच्यातल्या काही पेशींच्या खर्चावर सगळी वसाहत जेवते.

३० जानेवारी

हा निकाल महत्त्वाचा आहे. एकाच निवळीची समान मात्रा तीन गोष्टींवर लावली: कलिली कायटिन, शुद्ध केलेली कोळंबीच्या सालाची पावडर, आणि माकुलाच्या पट्टीची पावडर. कलिली कायटिन काही तासांत निवळलं. माकुलावर मंद पण वाढत जाणारी क्रिया. कोळंबीच्या पावडरवर सुरुवातीला थोडी, मग आलेख आडवाच. दुसऱ्या दिवशी ताजं एन्झाइम घातलं तरी फारसा फरक नाही, म्हणजे जुनं मेलं म्हणून थांबलं असंही नाही.

तीव्र आम्लात टाकून आपण कायटिनचे स्फटिक आधीच मोडलेले असतात. त्यावरचा झोन खरा आहे, पण त्याने धक्क्यावरचं साल कसं कुजतं ते कळत नाही. कोळंबीतलं कायटिन अल्फा प्रकारचं, शेजारच्या साखळ्या उलटसुलट दिशांनी, बंध दाट. माकुलातलं बीटा, सगळ्या साखळ्या एकाच दिशेला, थर थोडे सैल. काय-एची खाच कितीही सुबक असली तरी साखळीचं टोक वर आल्याशिवाय तिला धरायला काही नाही.

मॅडमना आलेख दाखवला. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "जेलमधला तो खालचा पट्टा काय आहे ते वाचून ये."

५ फेब्रुवारी

खालचा पट्टा बहुधा सीबीपी२१. बरीच वर्षं याला नुसतं कायटिनला चिकटणारं प्रथिन मानत. २०१० साली नॉर्वेतल्या गटाने दाखवलं की ते एन्झाइम आहे आणि स्फटिकाच्या पृष्ठभागावरच, पाण्याने नव्हे तर ऑक्सिडीकरणाने, साखळी तोडतं. पुढे कळलं की त्याला तांब्याचा अणू लागतो. याला खाच नाही. ज्या बाजूने ते कायटिनला लागतं ती जवळजवळ सपाट, कारण बसायचं असतं सपाट स्फटिकावर.

तांबं धरतात दोन हिस्टिडिन, २८व्या आणि ११४व्या जागी. २७ अमिनो आम्लांचं सिग्नल पेप्टाइड छाटलं गेलं की २८वं हिस्टिडिन साखळीचं पहिलं टोक होतं आणि त्याचा मोकळा अमिनो गटही तांब्याला धरतो. सिग्नल जागेवर असेपर्यंत हा गट मोकळाच नसतो. म्हणजे आतलं पटल ओलांडून सिग्नल कापला जाईपर्यंत याचं सक्रिय केंद्र पुरं होत नाही. स्राव आणि रचना ही दोन वेगळी प्रकरणं करायचा माझा बेत होता. हे वाचल्यावर ती एकच करणार आहे.

१४ फेब्रुवारी

प्रयोगाची आखणी. सीबीपी२१ला चालण्यासाठी इलेक्ट्रॉन देणारं काहीतरी लागतं. प्रयोगशाळेत ॲस्कॉर्बिक आम्ल वापरतात. अडचण अशी की ॲस्कॉर्बिक आम्ल स्वतःच डीएनएसएचा रंग आणतं आणि क्रियाशीलता फुगलेली दिसते. शिवाय सीबीपी२१ने तोडलेल्या टोकाला आम्ल तयार होतं, ते डीएनएसएला दिसत नाही. तेव्हा रंग नको, वजन मोजायचं. उरलेली पावडर धुऊन ६० अंशांवर स्थिर वजन येईपर्यंत वाळवायची.

नळ्या: निवळी, निवळी आणि १ मिलिमोलर ॲस्कॉर्बिक, उकळलेली निवळी आणि ॲस्कॉर्बिक, नुसतं बफर आणि ॲस्कॉर्बिक. प्रत्येकात तांब्याचा अगदी सूक्ष्म अंश. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळणं आवश्यक, नाहीतर चुकून उरलेल्या पेशी वाढून वजनाचा घोळ होईल. सगळं तिहेरी, दोन्ही पावडरींवर.

२४ फेब्रुवारी

माकुलावर फरक स्पष्ट. ॲस्कॉर्बिक घातलेल्या नळ्यांत उरलेली पावडर निम्म्याहून बरीच कमी, न घातलेल्यांत निम्म्याहून जास्त. उकळलेल्या निवळीत आणि नुसत्या बफरमध्ये वजन जवळजवळ जसंच्या तसं. कोळंबीवरही दिशा तीच, पण फरक लहान. तीन नळ्यांतला आपसातला फरक वगळता उरतो तेवढाच. प्रसिद्ध कामांतही सीबीपी२१चा ओढा बीटा कायटिनकडे जास्त दिसतो, तेव्हा हे अपेक्षेला धरून आहे.

पाचव्या दिवशी एक नळी उजेडात धरली होती. माकुलाचे कण तळाशी दाणेदार राहिले नव्हते. धुकट, तंतूंसारखे होऊन पाण्यात तरंगत होते आणि नळी तिरकी केली की सावकाश वाहत होते.

७ मार्च

शेवटची पडताळणी: ईडीटीए. ते तांबं काढून घेतं. पण सेरालायसिनमधलं जस्तही काढतं, म्हणून हा प्रयोग प्रथिनं काढलेल्या पावडरवरच केला, तिथे प्रोटीएजला करायला काही उरलेलं नसतं. कायटिनेजला धातू लागत नाही, त्यामुळे त्याचं काम चालू राहायला हवं.

तसंच झालं. ईडीटीए घातल्यावर ॲस्कॉर्बिकमुळे मिळालेली वाढ गेली आणि वजन निवळीच्या मूळ पातळीवर परत आलं, त्याच्या वर गेलं नाही. जास्तीचं तांबं घालून काही नळ्यांत क्रिया परत आणता आली.

यावरून सीबीपी२१च आहे असं छातीठोक म्हणता येणार नाही, त्यासाठी जनुक वेगळं काढून प्रथिन शुद्ध करावं लागेल. मॅडमचंही तेच मत. प्रबंधात "तांब्यावर अवलंबून असलेली, कायटिनेजला पूरक क्रिया" एवढंच लिहायचं ठरलं. त्या जनुकासाठी लागणारे प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) मागवण्याचा अर्ज आज दिला. ग्लिसरॉलमधले साठे उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये, तिसऱ्या कप्प्यात, लाल झाकणाच्या नळ्या. न दळलेल्या, प्रथिनांसकट ठेवलेल्या सालावर प्रोटीएज आणि कायटिनेज एकत्र लावून पाहायचं राहिलंय. त्यासाठी ताजी सालं पुढच्या आठवड्यात आणते.